रिकाम्या हातांनी वाडीवर

रविवारी घातलेलं अंडं आमचं नसायचं. सोमवार ते शनिवार कोंबड्यांनी जे काय घातलं ते घराचं, रविवारचं प्रभूचं. हा नियम कुणी केला ते मला आजही माहीत नाही. टोकावड्याला आमची जेमतेम सात-आठ ख्रिस्ती घरं होती, त्या सगळ्या घरांत तो होता, आणि कुणी त्याची कारणं विचारत नसे. आई ती अंडी कोंड्यानं भरलेल्या मडक्यात वेगळी ठेवी. पुढच्या रविवारी ती टोपलीतून देवळात जायची. देऊळ म्हणजे आमचं पत्र्याचं चर्च. आमच्यातली जुनी माणसं चर्चला देऊळच म्हणत. उपासना संपली की मंडळीतलंच कुणीतरी पायरीवर ती अंडी विकत घेई आणि पैसे दानाच्या थैलीत पडत. पुष्कळदा दुसरं गिऱ्हाईकच नसे, मग आमचीच अंडी आम्हीच विकत घेऊन, त्याच टोपलीतून, त्याच वाटेनं घरी आणत असू. मी एकदा बाबांना म्हटलं, की देवाला हे वरून बघताना हसू येत असेल. बाबा म्हणाले, "येऊ दे की. त्याला अंड्यांची गरज नाही, सालू. द्यायची गरज आपल्याला आहे." आमची एक तांबडी कोंबडी मात्र बरोबर शनिवारी संध्याकाळी आटपून घ्यायची आणि रविवारी सुट्टी पाळायची. आई तिला मंडळीतला पंच म्हणायची. मी त्या वयात फार धर्मशील असल्यामुळे एका शनिवारी तिला डाल्याखाली कोंडून, वर वरवंटा ठेवून, रविवार उजाडेपर्यंत वाट बघायला सांगितलं होतं. सांगून कोंबडी ऐकत नाही, एवढं ज्ञान मला त्या रात्रीतून मिळालं.

बाबा त्या छोट्या मंडळीचे प्रचारक होते. त्यांचा पगार कुठूनतरी लांबून यायचा, आणि लांबच्या पाहुण्यासारखाच कधी येईल ते सांगता यायचं नाही. आला की त्यातला दहावा हिस्सा आधी बाजूला निघे, मग वाटेत भेटलेल्या दोघा-तिघांच्या अडचणी निघत, आणि उरेल त्यात आई घर चालवी. घर म्हणजे दोन खोल्या, पुढं सारवलेला ओटा, मागं खुराडं आणि पडवळाचा मांडव. सकाळी बाबा बाजाच्या पेटीवर गीत धरत. त्या पेटीतला एक सूर कायमचा बसलेला होता. गाणं त्या सुरापाशी आलं की बाबा तेवढाच सूर नाकातून काढून भरपाई करत आणि पुढं जात. मी लहानपणापासून ती गीतं तशीच ऐकल्यामुळे ती तशीच असतात असं धरून चालले. आता इथं सापगावला मी तशी गायला लागले की पुढच्या बाकावरच्या बायका वळून बघतात. बघू देत. त्या पेटीच्या जोडीला आतून आईच्या तांदळाच्या भाकरीची थपथप असायची, आणि माळशेजकडं निघालेली एसटी चढाला लागली की रस्त्यावरून तिचं कण्हणं. जेवायला वालाचं बिरडं, नाहीतर सुकटीची चटणी. बाबांची जेवणाआधीची प्रार्थना इतकी लांबायची, की आई डोळे मिटलेले ठेवूनच पळीनं टोप ढवळत राही, खाली लागू नये म्हणून.

त्या घरातल्या सोळा-सतरा वर्षांच्या मुलीची आता ओळख करून देते. नाव सलोमी, पण टोकावड्यात ते कुणाच्या जिभेवर बसलं नाही, म्हणून सालू. अंगानं काडी, दोन वेण्या, आणि हनुवटी कायम वर. दानधर्म हा तिचा छंद होता. थैली समोर आली की मुठीतलं नाणं ती जरा उंचावरून सोडायची, म्हणजे ते आतल्या नाण्यांवर पडून वाजेल. उजव्या हाताचं डाव्या हाताला कळू नये म्हणतात. माझं पहिल्या सतरंजीपासून शेवटच्या सतरंजीपर्यंत सगळ्यांना कळायचं. एका थंडीत तिनं एका वाटसरूला घरातलं जाड कांबळं उचलून दिलं आणि आईकडून शाबासकीची वाट बघत उभी राहिली. आई म्हणाली, "बरं केलंस. ते तुझंच होतं." त्या थंडीत दानशूर सलोमी गोणपाट पांघरून निजली. बाबांची छत्रीही अशीच गेली. ती गेल्यावर आठवड्याभरात बाबा भिजून तापानं पडले, तेव्हाही मला वाईट वाटण्याआधी एक गोष्ट सुचली होती: देवासाठी आमचं कुटुंब किती सोसतं. अशा मुलीच्या कानाखाली एक ठेवून द्यावी असं मला आता वाटतं, पण ती हाताला लागत नाही.

परवा माझी नात मला फोनवर एक प्रवचन दाखवत होती. कोट घातलेला एक गृहस्थ घाम पुसत सांगत होता, की देवाला द्या, तो दहा पटींनी परत करील. नात म्हणाली, "आजी, भारी स्कीम आहे ना?" मी म्हटलं, बाई, हा देवाला बँकेत नोकरीला लावायला निघालाय. पण त्याला हसताना माझ्या मनात चोर होताच. माझी स्कीम तरी वेगळी कुठं होती? मला दहा पट पैसे नको होते, एवढंच. मला दहा पट मोठं व्हायचं होतं.

आता बुधीबाय. आमच्या घरामागच्या डोंगरावर एक वाडी होती. तिथली माणसं नाचणी, वरी पिकवत, रानातलं जे मिळेल ते खाली आणून विकत, आणि आपसात त्यांच्या वेगळ्या बोलीत बोलत. बुधीबाय तिथली. बुटकी, मशेरीनं काळे पडलेले दात, आणि आवाज असा की ती उतरणीवर असतानाच आई चुलीवर आधण ठेवायची. बाजारच्या दिवशी ती शेवळं, करवंदं किंवा सरपणाची मोळी घेऊन उतरायची आणि आधी आमच्या ओट्यावर टेकायची. "चाय दे गो. साखर घाल, हात आखडू नको." चहा पिऊन होईपर्यंत ती आईकडून काहीतरी मागायचीच. मूठभर मीठ, बाटलीच्या तळाला घासलेट, जुनं पातळ. मागताना तिचा आवाज मुळीच खाली येत नसे. आणि आईही तिच्या टोपलीतलं हवं ते न विचारता काढून घेई. आमच्याकडं दुसऱ्याचं भांडं रिकामं परत करत नाहीत, हे तर सगळीकडंच आहे. पण या दोघींचं भांडं परत जायलाच महिना लागायचा, तोवर वरून दुसरं आलेलं असायचं, आणि कोणाचं काय कोणाकडं आहे ते दोघींनाही माहीत नसायचं. माझ्या व्यवस्थित डोक्याला तो गबाळेपणा वाटायचा.

त्या वर्षी मला घाटावरच्या एका मिशन दवाखान्यात नर्सिंग शिकायला जागा मिळाली होती. पत्र्याची एक ट्रंक, पांढरी पातळं, बूट आणि सुरुवातीला भरायचे थोडे पैसे, एवढं घेऊन जायचं होतं. आईनं त्यापुरतं दोन वर्षं साठवून ठेवलं होतं. मग बाबा शेजारच्या गावी कुणाच्या तरी आजाऱ्यासाठी प्रार्थना करायला निघाले आणि उतारावर सायकलवरून पडले. पाय मोडला. मुरबाडला प्लास्टर घालून आले तेव्हा आईची साठवण संपलेली होती, आणि पगाराचा पत्ता नव्हता. जागा कुणी माझ्यासाठी राखून ठेवणार नव्हतं. पुढच्या महिन्यात हजर झाले तर झाले, नाहीतर माझ्या जागी दुसरी मुलगी. मी घरात हनुवटी वर करूनच वावरत होते, पण पडवळाच्या मांडवाखाली जाऊन रोज रडत होते.

अशा दिवसांत एका दुपारी बुधीबाय आली. बाजाराचा वार नव्हता. हातात टोपली नव्हती, दोर होता आणि दोराला एक काळा, चांगला भरलेला बोकड. आई नदीवर धुणं घेऊन गेली होती. बाबा आत खाटेवर पाय पसरून.

"आय कुठं?" बुधीबायनं विचारलं.

"नदीवर."

"बरं, तूच घे." तिनं दोर माझ्या हातात दिला. "ह्याला बाजारात ने. बरा पैका येल. तुझी ती टरंक का काय ती घे अन् जा शिकाया."

माझ्या जागी शहाणी मुलगी असती तर तिनं बोकडाच्या गळ्यात पडून मुका घेतला असता. मी दोर तिच्या हातात परत दिला. माझा आवाज तेव्हा बाबा मयतीला काढत तसा निघाला. "नको, बुधीबाय. तुमचीच ओढाताण असते. तुमच्याकडून आम्ही कसं घ्यायचं? देवानं आम्हाला द्यायला ठेवलंय."

"कुणी ठेवलंय?"

"देवानं."

तिनं मान वर करून आमच्या छपराकडं बघितलं, तिथं कुणी आहे का ते बघावं तसं. मग म्हणाली, "तुला जायचं नाय काय?"

"देव बघेल," मी म्हणाले. आणि एवढ्यावर थांबावं ना. पण म्हातारी इतक्या उन्हात डोंगर उतरून आलेली, तिला रिकामी कशी पाठवायची? मी आत गेले, कोंड्यातली रविवारची अंडी सगळी टोपलीत भरली, आणि दोन्ही हातांनी तिच्यापुढं धरली. "ही घ्या. तुम्ही आमच्यासाठी आलात, त्याबद्दल."

बुधीबाय टोपलीकडं बघत राहिली. तिच्या तोंडावर राग नव्हता. राग असता तर मला कळला असता. तिनं टोपली माझ्या हातातून घेतली, ओट्याच्या कडेला हळूच ठेवली आणि म्हणाली, "मंग फिटलं म्हण." बोकडाला ओढत ती चढाला लागली. चहा मागितला नाही.

आतून बाबांनी विचारलं, "कोण होतं गं?" मी सगळं सांगितलं, जरा खुलवूनच. मग बाबा म्हणाले, "तुझी आई येऊ दे."

आई आली. बादली खाली ठेवायच्या आधीच तिला ओट्यावरची अंडी दिसली. तिनं ऐकून घेतलं, पदरानं तोंड पुसलं आणि म्हणाली, "म्हणजे देवाची अंडी देऊ केलीस, आणि देवानं धाडलेला बोकड हाकलून लावलास."

"आई, ती किती गरीब आहे."

"आणि तू कोण, मुरबाडची सावकारीण? गरिबाला दानसुद्धा करू द्यायचं नाही, एवढी श्रीमंत तू कधी झालीस?" आईचा आवाज चढत नसे, त्यामुळे तो जास्त लागायचा. "आणि अंडी कशाला दिलीस? तिनं दिलं की तू लगेच दिलंस, हातोहात. डोंगरावर त्याचा अर्थ काय होतो ठाऊक आहे? तुझं-माझं मिटलं. आता तू मला ओळखू नको, मी तुला. तिच्या लेकीच्या बाळंतपणाला मी रात्र काढली, तिनं माझ्या तापात मला पेज भरवली. इतक्या वर्षांत आम्ही काही मिटू दिलं नाही, ते तू एका टोपलीत मिटवलंस."

मी बाबांकडं बघितलं. वचनाचा आधार मिळाला तर तिथूनच मिळणार होता. बाबा म्हणाले, "रोज सकाळी आजची भाकर दे म्हणून मागतेस ना?"

"देवाकडं मागते."

"मग तो काय ती आभाळातून टाकतो? कुणाच्यातरी हातानंच धाडणार. तू हात बघून भाकर घेतेस होय?"

पुढच्या बाजाराला बुधीबाय आली नाही. त्याच्या पुढच्याही. आईनं दोन्ही वेळा सवयीनं आधण ठेवलं, कपात साखर घातली, आणि तो चहा शेवटी थंड झाल्यावर स्वतःच प्यायली. बाजारात शेवळं विकणाऱ्या बायकांत बुधीबाय दिसली, पण आमच्या रस्त्याच्या पलीकडून गेली. मी आपली पडवळाखाली प्रार्थना करत होते. देवानं दुसरीकडून व्यवस्था करावी म्हणून मी त्याला पर्यायसुद्धा सुचवले होते: पगार यावा, किंवा एखाद्या मोठ्या शहरातल्या दयाळू बाईला स्वप्नात माझं नाव दिसावं. नावाचं स्पेलिंगही सांगून ठेवलं. काही आलं नाही. जायचा दिवस तेवढा जवळ आला.

एका सकाळी भाकरी थापता थापता आई म्हणाली, "आज वाडीवर जा."

"माफी मागायला?"

"माफी मागणं तुला फार छान जमेल. डोळे भरून आणशील, आणि घरी येऊन आपण किती नम्र ते सांगशील. माफी नको. बोकड माग."

"माग?"

"माग. उधार नव्हे, विकत नव्हे. द्या म्हणायचं. आणि हातात काही न्यायचं नाही."

मी निघाले तेव्हा आईनं मला दारात थांबवलं आणि सरळ माझ्या कमरेला हात घातला. पदराखाली गुळाची पुडी निघाली. नुसतं कसं जायचं म्हणून घेतली होती. आईनं ती डब्यात परत टाकली. "रिकाम्या हातांनी," ती म्हणाली. आतून बाबा पेटीवर काहीतरी वाजवायला लागले. मला तेव्हा वाटलं ते माझ्यासाठी प्रार्थनेचं गीत असेल. नंतर कळलं, त्यांना हसू आवरत नव्हतं.

देणाऱ्या माणसाला हातांचं काय करायचं ते कळत असतं. त्या चढावर माझे हात मला पहिल्यांदाच जड झाले. कधी मागं बांधले, कधी वेणी धरली. वाटेत मी एक भाषण तयार केलं, त्यात दोन वचनं होती. वाडीच्या पहिल्या कुडाशी पोचेपर्यंत दोन्ही विसरले.

बुधीबाय अंगणात सुपानं नाचणी पाखडत होती. तिनं वर बघितलं नाही. "काय गो. अंडी सरली?"

"बोकड मागायला आले," मी म्हणाले.

"कुनाचा?"

"तुमचा."

"इकत?"

"नाही. असाच."

सूप थांबलं. "मोठ्यानं बोल. सून आत हाय, तिला आयकू दे."

"बुधीबाय, मला बोकड द्या," मी मोठ्यानं म्हणाले. शेजारच्या दोन दारांतून बायका बाहेर आल्या. बुधीबायनं त्यांना आपल्या बोलीत काहीतरी सांगितलं आणि त्या इतक्या हसल्या की एकीला खांब धरावा लागला.

"बोकड नाय," बुधीबाय मग म्हणाली. "पुतन्याच्या हळदीला कापला. तुमच्या देवाला नको झाला, आमच्या पावन्यांना झाला. ग्वाड होता."

मी उभीच राहिले. सगळं संपलं होतं. ट्रंक, पांढरी पातळं, घाटावरचा दवाखाना, सगळं हळदीच्या पंगतीत गेलं होतं, आणि ग्वाड होतं. ओठांवर आलं होतं, की असू दे, देवाची इच्छा. आणि मान ताठ करून उतरून जावं. तेवढ्यात बुधीबाय म्हणाली, "जेवलीस?"

"हो," मी सवयीनं म्हणाले. सकाळपासून पोटात कण नव्हता. आणि मग, कसं कोण जाणे, मी म्हणाले, "नाही. भूक लागली आहे."

तिनं मला आत नेलं. सुनेनं नाचणीची भाकरी आणि सुकं बोंबील घातलेलं कालवण वाढलं. मी खाली मान घालून खाल्लं. ताटली रिकामी झाली तेव्हा बुधीबाय नुसती बघत बसली, वाढायला हलली नाही. मला कळलं ती कशाची वाट बघतेय. "अजून द्या," मी म्हणाले. दोन शब्द बोलायला मला आयुष्यात कधी इतकं अवघड गेलं नव्हतं. आणि कालवण इतकं चांगलं होतं, की तिसऱ्यांदा मागताना मुळीच अवघड गेलं नाही.

मी हात धुवून बाहेर आले तोवर तिनं गोठ्यातून शेळी सोडून आणली होती. दुभती शेळी. सुनेच्या कडेवर तिचं पोर होतं, ती दारात आली आणि हळूच म्हणाली, "आत्याबाय, दूध?"

"धाकटी पाट, हिची लेक, येल दुधाला दिवाळीच्या पुढं. तवर पेज देऊ." बुधीबायनं दोर माझ्याकडं केला.

माझं तोंड उघडलं. बोकड घेणं वेगळं. हे त्या पोराच्या तोंडचं होतं. नको हा शब्द अगदी दातांपर्यंत आला होता.

"त्वांड मीट," बुधीबाय म्हणाली. "मी काय फुकाट देत नाय. आमचं मानूस दवाखान्यात गेलं का दारातच बसवून ठेवतात, कोन इचारत नाय. माझं एक मानूस आत पायजे. सुई टोचनारं. तू नीट टोचाया शिक, हळू हाताची हो. ती एक नरस हाय मुरबाडला, म्हशीला टोचल्यागत टोचतंय."

मी त्या पोराकडं बघितलं. त्यानं माझ्याकडं बघून जीभ काढली. मी दोर घेतला. उपकार झाले, असं काहीतरी पुटपुटले. "ते तुमच्या देवळात बोल," ती म्हणाली आणि पुन्हा नाचणी पाखडायला बसली.

कृपा फुकट मिळते, हे मी लहानपणापासून पाठ म्हणत आले होते. ती घेताना इतकी लाज वाटते, हे कुणी सांगितलं नव्हतं. शेळीला माझ्या आध्यात्मिक अवस्थेचं काही नव्हतं. ती प्रत्येक झुडपापाशी थांबली आणि एका वळणावर खाली बसली. मी तिला ओढलं, ढकललं, शेवटी एक गीत म्हटलं. नाकातला सूर आला तशी ती उठून चालायला लागली. आईनं आम्हाला लांबून येताना बघितलं. बोकडाच्या जागी शेळी का, हे तिनं विचारलं नाही. तिनं शेळीच्या कासेला हात लावून बघितलं आणि तिथंच थोडा वेळ बसून राहिली. मग उठून तिला पाणी ठेवलं. त्या बाजाराला आईनंच ती विकली. मी वेळेवर घाटावर पोचले. बुधीबाय त्याच आठवड्यात ओट्यावर येऊन बसली होती, साखरेवरून आईशी भांडत, असं बाबांनी मला कळवलं.

पहिला पगार हातात आला तेव्हा मी सुट्टीवर घरी आले आणि आईला म्हटलं, की एक चांगली दुभती शेळी घेऊन वाडीवर जाते. आई म्हणाली, "फेडायला निघालीस? फेडायचं असेल तर फेड. मग परत त्या वाडीवर चढू नको." मी चहाची एक पुडी घेऊन गेले. बुधीबायनं ती हुंगून बघितली, हलकी आहे म्हणाली, आणि मला जेवायला घातलं. सुनेचं पोर पेजेवरच वाढून चांगलं गुबगुबीत झालं होतं. मी बसून त्याचं नाक पुसलं. ते मला चावलं.

पुढं माझी नोकरी शहापूरच्या सरकारी दवाखान्यात आली, लग्न झालं, मुलं झाली. वाडीतलं कुणीही आजारी पडलं की बुधीबाय त्याला एसटीत घालून थेट माझ्याकडं धाडायची, निरोप एवढाच, की ह्याला बघ. बघायची मी. आईबाबा गेले. मग एका थंडीत ती स्वतःच आली, काठी टेकत, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. ऑपरेशन होऊन डोळे बरे होईपर्यंत ती माझ्या घरी राहिली, आणि त्या दिवसांत माझ्या घरात तिचं राज्य होतं. कालवणात तेल कमी, उशी मऊ, माझा नवरा फार हळू बोलतो, आणि मी अजून जोरात टोचते. रोज रात्री ती मला पाय चेपायला लावायची. मोठ्या हुद्द्याची सिस्टर झाले होते मी तेव्हा, दवाखान्यात माझ्यापुढं वॉर्डबॉय ताठ उभे राहायचे.

जायच्या दिवशी मी तिला स्टँडवर सोडायला गेले. मुरबाडची गाडी लागलेली होती. सकाळची थंडी होती, आणि मी ह्यांनी मुंबईहून आणलेली लोकरीची शाल पांघरली होती. लेकीलासुद्धा मी ती वापरू देत नसे. बुधीबायनं नव्या डोळ्यांनी शाल वरपासून खालपर्यंत बघितली, दोन बोटांत धरून चाचपली, आणि म्हणाली, "ही दे."

मी दिली. तिनं ती डोक्यावरून घेतली, गळ्याशी गाठ मारली. "बरी हाय," म्हणाली. एवढंच. कंडक्टरनं हात देऊन तिला वर घेतलं आणि ती खिडकीशी जाऊन बसली, माझ्याकडं न बघता. गाडी सुटेपर्यंत मी थंडीनं कुडकुडत तिथंच उभी होते. आमचं दोघींचं अजून बरंच बाकी होतं.